हरळी, कुंदा आणि लव्हाळा : औषध न मारता परसबाग मोकळी करू या
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



होळी झाली. तूर, हरभरा घरात आला. कपाशीची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या. आता मृग लागेपर्यंत वावरात तशी घाई नाही. घरामागच्या सांदवाडीकडे बघायला हेच दिवस बरे. म्हणून आजचा विषय परसबागेचा. पण बी कोणतं लावायचं, खत किती घालायचं हे आज सांगणार नाही. त्याच्या आधीचं काम आहे ते सांगते. जिथे बाग करायची तिथे हरळी माजलेली आहे, कुंद्याचे ठोंब आहेत, लव्हाळा उगवतो आहे. हे सगळं औषध न मारता कसं काढायचं, ते आज बघू.

केळापूर तालुक्यात गावोगावी बचत गटांच्या बैठकीत परसबागेची गोष्ट निघतेच. उमेद अभियानातून पोषण परसबागा लावायला सांगतात, बियाण्याच्या पुड्या मिळतात. बाया हौसेने वाफे करतात. पावसाळा लागला की मेथी वर येण्याआधी हरळी वर येते. एकदा निंदलं, दोनदा निंदलं, तिसऱ्यांदा वावरातल्या निंदणाला जायचं असतं, आणि घरची बाग गवतात जाते. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "पंपात औषध आहेच, मारून टाकतो एक फवारा. आठ दिवसांत साफ."

हे ऐकायला सोपं वाटतं. माणसं असं का म्हणतात तेही समजून घेतलं पाहिजे. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि फवारा खरंच लवकर होतो. तणनाशकाने गवत वाळतं, ही गोष्ट खोटी नाही. पण सांदवाडीत फवारा मारायच्या आधी चार गोष्टी लक्षात घ्या.

पहिली गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. ते आपण विसरलेलो नाही. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, हेही खरं. पण पंप तोच, हात तेच, आणि फवारलेले कपडे धुणारे हातही आपलेच. तणनाशकंही काही पाणी नाही. पॅराक्वाट नावाचं तणनाशक पोटात गेलं तर त्याच्यावर उतारा नाही. ग्लायफोसेट माणसाला कर्करोग करण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये नोंदवलं. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट हे कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरावं. आपल्याकडे मात्र बाटली सहज घरात येते. तणनाशक सहन करणारी जी 'चोर बीटी' कपाशी आहे, तिला सरकारची परवानगी नाही, तरी ती पेरली जाते आणि तिच्यामागून या बाटल्या येतात. एक सवय मात्र आजपासून सोडा. याला 'औषध' म्हणू नका. लेकरं ऐकत असतात. औषध म्हटलं की त्यांना वाटतं प्यायची वस्तू आहे. विष म्हणा.

दुसरी गोष्ट. वावर घरापासून लांब असतं, सांदवाडी घराला चिकटून असते. तिथेच न्हाणी, तिथेच कोंबड्या, तिथेच शेळी बांधलेली, तिथेच रांगणारं लेकरू. तिथे फवारलं की ते घरातच फवारल्यासारखं.

तिसरी गोष्ट बागेच्या कामाची आहे. काही तणनाशकांचा उडालेला अंशसुद्धा भाजीपाल्याला चालत नाही. २,४-डी चा अंश कपाशीवर गेला, की कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी लांबुळकी आणि चिरलेली दिसायला लागतात. हे तुमच्यातल्या कितीतरी जणींनी डोळ्यांनी पाहिलं असेल. वांगी, भेदरं यांचीही तीच गत होते. पंप नीट धुतला नाही आणि त्यानेच भाजीवर काही फवारलं, तरी तेच होतं.

चौथी गोष्ट पोटाची आहे. निंदण ही आपल्या बायांची रोजी. ज्या गावात तणनाशक वाढलं, तिथे निंदणाचे दिवस कमी झाले. जिच्याकडे वावर आहे तिला मजुरी जड जाते आणि जिच्याकडे नाही तिला ती मजुरीच हवी असते. या दोघी एकाच गटात बसलेल्या असतात. हा प्रश्न एका भाषणात सुटणार नाही. पण सांदवाडीच्या दहा फुटांच्या वाफ्यापुरतं तरी विष न आणता काम होतं, हे दाखवता येतं.

आता कामाचं बोलू.

आधी आपल्या जमिनीत कोणतं गवत आहे ते ओळखा. तीन गवतं, तीन स्वभाव. एकाला जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्याला पडत नाही. ओळखायला फार शिकावं लागत नाही. एक जागा सब्बलीने हातभर खोल उकरा आणि मुळं बघा.

हरळी सगळ्यांच्या ओळखीची. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. ती जमिनीवरून सरपटते, तिला पेर असतात, आणि जिथे पेर टेकलं तिथे मूळ फुटतं. जमिनीच्या आतूनही तिचे पांढरे, टोकदार देठ धावतात. हे आतले देठ बहुतेक वीतभर खोलीत असतात, भुसभुशीत जमिनीत अजून खोल जातात. हिचा दुबळेपणा एकच, तिला सावली सोसत नाही.

कुंदा हा काळ्या, भारी जमिनीतला. नदीनाल्याकाठच्या खोल काळ्या वावरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचे ठोंब असतात आणि आतल्या गाठाळ मुळ्या दोन-दोन, तीन-तीन फूट खाली जातात. वखर वरून फिरतो, डवरा वरून फिरतो, कुंदा खाली निवांत बसलेला असतो. म्हणून जुनी माणसं कुंद्यासाठी वेगळी खोल खणती करायची.

लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. हा गवतासारखा दिसतो, पण त्याची काडी दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील. गवताची काडी गोल लागते, याची तिधारी. खाली काळ्या, सुवासिक गाठी असतात, एकीला एक दोऱ्यात ओवल्यासारख्या. आपण वरून उपटतो तेव्हा पातं हातात येतं आणि गाठ खालीच राहते. वर पातं तुटलं की शेजारच्या गाठी जाग्या होतात. म्हणून "जितकं उपटलं तितकं वाढलं" असं वाटतं. ते खरंच तसं असतं.

तुम्ही एकट्याच यांना कंटाळलेल्या नाहीत. १९७७ मध्ये जगभरच्या वाईट तणांवर एक मोठं पुस्तक निघालं. त्यात लव्हाळ्याचा नंबर पहिला आणि हरळीचा दुसरा. म्हणजे आपल्या सांदवाडीत जगातले पहिले दोन नंबर नांदताहेत. एका रविवारी ते जातील, अशी आशा धरू नका. पण एका वर्षात ते ताब्यात येतात.

कसे येतात, त्याचा हिशेब आपल्या बचत गटासारखाच आहे. या गवतांची खरी शिल्लक जमिनीखाली असते, मुळ्यांत आणि गाठींत. ते त्यांचं पासबुक. पातं वर येतं तेव्हा ते खालची शिल्लक खर्च करून येतं. मग ऊन खाऊन पातं अन्न तयार करतं आणि पुन्हा खाली जमा करतं. आपण काय करायचं? शिल्लक काढू द्यायची, पण जमा होऊ द्यायची नाही. पातं वर आलं, चार पानांचं झालं, की लगेच काढायचं. महिनाभर थांबलात तर त्याने खर्च केलेलं सगळं वसूल करून वर व्याजही जमा केलेलं असतं. दर दहा-बारा दिवसांनी अर्धा तास निंदणं हे महिन्यातून एकदा दिवसभर निंदण्यापेक्षा जास्त उपयोगाचं, ते यामुळेच.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. जागा लहान घ्या. अख्खी सांदवाडी एकदम काढायला जाऊ नका. दहा बाय दहा फुटांचा एक वाफा घ्या, म्हणजे गुंठ्याचा साधारण दहावा हिस्सा. तेवढा पूर्ण साफ करा. पुढच्या वर्षी त्याला लागून दुसरा. अर्धवट साफ केलेला गुंठा पावसाळ्यात पुन्हा गवताचाच होतो, पूर्ण साफ केलेला वाफा आपला राहतो.

आता खणणं. काळी जमीन सुकली की दगड होते, ओली असली की चिकटते. मधली वेळ वापशाची. पाणी असेल तर वाफ्याला एकदा भरपूर पाणी द्या, दोन-तीन दिवस थांबा, आणि वापसा आला की खणायला घ्या. पाण्याची टंचाई असेल तर भांडी धुतल्याचं, अंघोळीचं पाणी आठ दिवस तिकडेच वळवा. तेही जमत नसेल तर फाल्गुन-चैत्रात अवकाळी पावसाची एखादी सर येतेच, ती आली की दोन दिवसांनी लागा.

हरळीसाठी वीतभर ते हातभर खोल खणावं लागतं. कुदळीने तुकडे तुकडे करू नका. सब्बल किंवा टिकास खोल घालून ढेकूळ उचला, उलटं करा, हाताने फोडा आणि देठ अख्खे ओढून काढा. देठ जितका लांब निघेल तितकं काम कमी. म्हणूनच हरळीच्या जागेत रोटाव्हेटर फिरवू नये. तो जमीन पिठासारखी करतो खरी, पण हरळीच्या एका देठाचे वीस तुकडे करतो, आणि प्रत्येक पेराला मूळ फुटतं. एका अर्थी ती हरळीची लावणीच.

लव्हाळ्याच्या जागेत ढेकळं फोडून गाठी वेचाव्या लागतात. हे काम किचकट आहे, बसून करायचं आहे. सगळ्या गाठी निघणार नाहीत. निघतील तेवढ्या काढा आणि माती उलटी करून चैत्र-वैशाखाच्या उन्हात पडू द्या. लव्हाळ्याच्या गाठीला ओल लागते. आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन उघड्या गाठीला आठ-पंधरा दिवस लागलं, की ती आतून सुकून मरते. दर आठ दिवसांनी माती खालीवर करा, म्हणजे खालच्या गाठी वर येतील. या काळात मात्र पाणी देऊ नका.

कुंद्याचं काम वेगळं. ठोंबाच्या भोवती दोन हात खोल खड्डा घ्यावा लागतो. अख्खा वाफा तितका खोल खणणं कोणाच्याच कंबरेला झेपणार नाही. सोपी रीत अशी. आता फक्त वरचे ठोंब खणून काढा. मृगाचा पहिला पाऊस झाला की राहिलेला कुंदा सगळ्यात आधी वर येतो आणि ठळक दिसतो. तो दिसला की तिथे पऱ्हाटीची एकेक काडी रोवून ठेवा आणि तेवढ्याच जागा खोल खणा. जमीन तेव्हा मऊ असते. असं दोन पावसाळे करावं लागतं. सांदवाडीत दुसरी जागा असेल तर पहिला वाफा कुंदा नसलेल्या जागी घ्या, हे सगळ्यात शहाणपणाचं. वावरात कुंदा असेल तर उन्हाळी खोल नांगरट करून, नांगरामागून मुळ्या वेचून बाहेर काढतात, पण तो वेगळा विषय आहे.

इथे एक गोष्ट घरातल्या पुरुषमाणसांसाठी सांगते. ऐकत असतील तर बरं, नसतील तर तुम्ही सांगा. खोल खणणं हे जड काम आहे. परसबाग बाईची, म्हणून सब्बलही बाईनेच उचलायची असं नाही. भाजी सगळं घर खातं. गरोदर बाईने आणि बाळंतिणीने हे काम मुळीच करू नये. आणि गटाने ठरवलं तर आज माझ्या सांदवाडीत, उद्या तुझ्या, असं चार-पाच जणींनी मिळून केलं तर एका सकाळी एक वाफा होतो. एकटीला तेच काम आठवडाभर पुरतं आणि अर्ध्यात सुटतं.

काढलेल्या मुळ्यांचं काय करायचं? उकिरड्यात टाकू नका. तिथे ओल असते, खत असतं, त्या तिथेच रुजतात आणि पुढच्या वर्षी शेणखताबरोबर परत बागेत येतात. पत्र्यावर किंवा खडकावर पसरून पंधरा-वीस दिवस कडक वाळवा. देठ मोडला की कटकन तुटला पाहिजे. मग चुलीत घाला. हिरवी हरळी झटकून, माती काढून शेळीला, गाईला घाला, आवडीने खातात. पण ज्या जागी कधी फवारलेलं आहे तिथली नको. नागरमोथ्याच्या गाठी तर धुवून, वाळवून ठेवण्याजोग्या आहेत. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतोच. गटाने उटणं करायचं ठरवलं तर हा माल सांदवाडीतच आहे.

खणून झालं की पुढचं काम उन्हाकडून करून घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुसरं काही नसलं तरी ऊन भरपूर आहे. वाफा सपाट करा, ढेकळं फोडा, एकदा चांगलं पाणी द्या आणि वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरा. पातळ, साधारण २५ मायक्रॉनचं चालतं. ते जमिनीला चिकटून बसलं पाहिजे. चारी कडा मातीत दाबा, म्हणजे वाफ बाहेर जाणार नाही. एप्रिल-मे मध्ये चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आतली वरची माती उघड्या जमिनीपेक्षा आठ-दहा अंशांनी जास्त तापते. त्यात गवताचं बी, गाजर गवताचं बी आणि वरवर राहिलेले हरळीचे तुकडे भाजून निघतात. मातीतले रोगाचे बुरशीचे अंशही कमी होतात. प्लास्टिक फाटकं नको, एका भोकातून सगळी वाफ जाते. आणि काढल्यावर पुन्हा खोल खणू नका, नाहीतर खालचं न भाजलेलं बी वर येईल. प्लास्टिक घडी करून ठेवा, पुढच्या वर्षी दुसऱ्या वाफ्याला वापरा. पाच घरांत एक घेतलं तर खर्चही वाटला जातो.

पुष्कळ जणी विचारतात, काळं प्लास्टिक चालेल का? हरळीला चालतं, कारण तिला उजेड मिळत नाही. काळी ताडपत्री दोन-तीन महिने अंथरून ठेवली तर हरळी पिवळी पडून मरायला लागते. पण लव्हाळ्याची टोकं सुईसारखी असतात. ती काळ्या प्लास्टिकला भोक पाडून वर येतात. पारदर्शक प्लास्टिकखाली त्याला उजेड दिसतो, पातं आतच उघडतं आणि उन्हाने भाजतं. तरी लव्हाळ्याच्या खोल गाठी त्याने पूर्ण मरत नाहीत. लव्हाळ्याला गाठी वेचणं आणि वाळवणं हाच मुख्य उपाय.

प्लास्टिक नकोच असेल किंवा परवडत नसेल, तर दुसरी रीत आहे. वाफ्याला पाणी द्या, जे उगवतं ते उगवू द्या, आणि चार पानांवर आलं की सगळं निंदून टाका. पुन्हा पाणी, पुन्हा निंदण. मृगाच्या आधी असं दोनदा झालं की पुष्कळसं बी आणि मुळांची शिल्लक खर्ची पडते. वाफा हिरवा झाला म्हणून घाबरू नका. पेरणीनंतर उगवण्यापेक्षा पेरणीआधी उगवलेलं बरं.

आता काय करू नये ते सांगते. मीठ टाकू नका. कोणीतरी सांगतं, मिठाचं पाणी ओतलं की गवत मरतं. गवत मरतं आणि जमीनही मरते. आपली काळी जमीन आधीच पाणी धरून ठेवणारी, त्यात मीठ बसलं की ते धुऊन जायला फार काळ लागतो. आणि नुसतं पेटवून देऊ नका. वरचं वाळलेलं जळतं, खालच्या मुळ्यांना धक्काही लागत नाही, उलट राखेवर हरळी जोमाने येते.

मृग लागला की मोकळी जमीन मोकळी ठेवायची नाही. रिकामी जागा ही गवताची जागा. आपण काही पेरलं नाही तर निसर्ग पेरतो. पहिल्या पावसाळ्यात त्या वाफ्यात ताग किंवा ढेंचा दाट पेरा. हरळीला सावली सोसत नाही, हे मघाशी सांगितलं. ताग महिन्याभरात कमरेइतका होतो आणि खाली अंधार करतो. फुलावर येण्याच्या सुमारास, ४५-५० दिवसांत, तो कापून तिथेच मातीत दाबा. गवत दबलं आणि हिरवळीचं खतही झालं. पण पहिल्याच वर्षी भाजी हवी असं वाटणं साहजिक आहे. त्यांनी चवळी दाट लावावी, किंवा भोपळा, काकडी, रताळी असे पसरणारे वेल लावावेत. तेही जमीन झाकतात. मेथी, पालक, सांबार, कांदा अशी बारीक पिकं हरळीच्या जागेत पहिल्या पावसाळ्यात नकोत. त्यांना पोळ्यानंतर, वाफा शांत झाल्यावर लावा.

ज्यांच्याकडे एवढा धीर नाही किंवा जागाच नाही, त्यांनी पहिल्या वर्षी पोत्यात भाजी लावावी. रिकामं पोतं चांगलं धुवा, खाली भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा. दोन पोत्यांत वांगी, दोन पोत्यांत भेदरं, एका पोत्यात सांबार. जमीन साफ होईपर्यंत घरात भाजी येत राहते आणि उत्साह टिकतो.

रोपं चार-सहा इंचांची झाली की दोन ओळींत कुटार अंथरा. सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं, जे असेल ते, चार बोटं जाड. खाली जुन्या खोक्यांचा पुठ्ठा ओला करून घातला तर हरळी अजून दबते. उन्हाळ्यात कोरडं कुटार घातलं की उधळी लागते, म्हणून हे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात करावं. रोपाच्या बुडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि कुटारात हात घालण्याआधी काडीने हलवून बघा. त्याच्याखाली विंचू, साप बसतो. संध्याकाळी अंधारात तर हात घालूच नका.

आता राखण. हरळी बाहेरून परत येते. वाफा कितीही साफ केला तरी शेजारची हरळी कुंपणाखालून सरपटत येणारच. म्हणून वाफ्याच्या चारी बाजूंनी हातभर खोल, वीतभर रुंद नाली काढा आणि दर पंधरा दिवसांनी ती साफ ठेवा. नालीत आलेली पांढरी टोकं दिसतात, तिथेच विळ्याने छाटा. घराचे जुने कवेलू निघाले असतील तर ते नालीत उभे पुरा, एकाला एक भिडवून. हरळीला ती चांगली भिंत होते. कुंदा मात्र खालून जातो, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. ताज्या शेणात गवताचं बी जिवंत असतं. आणि गाजर गवत दिसलं तर फुलाआधी उपटा. हे १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज आपल्या प्रत्येक रस्त्याकडेला आहे. एक झाड हजारोंनी बी टाकतं. उपटताना हातमोजे घाला, नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, कारण त्याने अंगाला खाज सुटते, दमा असलेल्यांना त्रास होतो. जिथे गाजर गवत येतं तिथे तरोट्याचं बी फेकून ठेवा. तरोटा दाट येतो आणि त्याला दाबतो. शिवाय कोवळ्या तरोट्याची भाजी तर आपल्या घरोघरी होतेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही गावभर हरळी खणत सुटाल. हरळी सगळीकडे वाईट नाही. धुऱ्यावर, नाल्याच्या काठावर ती माती धरून ठेवते. तिथली काढली तर पहिल्या मोठ्या पावसात धुरा वाहून जाईल. जनावरांना ती चांगला चारा आहे. आणि गणपतीला दूर्वा तर हव्यातच. एका फुटक्या घमेल्यात थोडी हरळी वेगळी लावून ठेवा. आपलं भांडण तिच्याशी नाही, ती आपल्या वाफ्यात येते त्याच्याशी आहे.

आता सगळं थोडक्यात, महिन्यांप्रमाणे. कागदावर लिहून घ्या, गटाच्या बैठकीत वाचा.

फाल्गुनात एक वाफा ठरवा, गवत ओळखा, वापशावर खणून मुळ्या काढा. चैत्रात उलटलेली माती तापू द्या, दर आठ दिवसांनी खालीवर करा, मुळ्या पत्र्यावर वाळवा. वैशाखात पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिक अंथरा, किंवा दोनदा उगवू देऊन दोनदा निंदा. मृगात कुंद्याला काड्या रोवून खोल खणा आणि ताग, चवळी किंवा वेल लावून जमीन झाका. आषाढ-श्रावणात दर दहा-बारा दिवसांनी अर्धा तास निंदण, चार पानांच्या पुढे काही जाऊ देऊ नका. पोळ्यानंतर मेथी, पालक, सांबार, वांगी लावा, कुटार अंथरा, नाली साफ ठेवा.

पहिल्या वर्षी काम जास्त वाटेल. दुसऱ्या वर्षी निंदण निम्म्यावर येतं, कारण खालची शिल्लक संपत आलेली असते. तिसऱ्या वर्षी फक्त नालीकडे बघावं लागतं. वर्षभराची ही मेहनत आणि एका दुपारचा फवारा, यात कोणी घाई केली तर तिला दोष देऊ नका. तिच्याबरोबर एक सकाळ सब्बल धरायला जा. ज्या मातीतली मेथी आपण निवडून लेकरांच्या ताटात वाढणार, त्या मातीत आपल्या हातांनी काय घातलं आणि काय घातलं नाही, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. भाजीबाजारातल्या जुडीबद्दल ते कोणालाच सांगता येत नाही.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने निदान एका सांदवाडीत एक वाफा ठरवावा आणि कोणाच्या घरी कोणत्या दिवशी खणायला जायचं ते वहीत लिहावं. हरळी, कुंदा की लव्हाळा, तेही लिहा. पोळ्यानंतरच्या बैठकीत ती वही पुन्हा उघडा आणि कोणत्या वाफ्यात काय उरलं ते बघा.